कोपऱ्यातली सही

आमच्या पिढीच्या घरांत चित्रकार कधी आले नाहीत, त्यांच्या सह्या आल्या. १९६० च्या आगेमागे जन्मलेल्या, मुंबईच्या चाळीत, पुण्याच्या वाड्यात, नाहीतर कुठल्यातरी जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा: चित्रकार दीनानाथ दलाल दिसायला कसे होते? सांगता येणार नाही. त्यांची सही? क्षणभर डोळे मिटतील आणि हवेत बोट फिरवून दाखवतील. रघुवीर मुळगावकर उंच होते की ठेंगणे, चष्मा लावत की नाही, याचा आम्हाला पत्ता नव्हता. पण शेजारणीकडचं चित्र मुळगावकरांचं की त्यांची नक्कल करणाऱ्या कुणाचं, हे आमच्या आया दारातूनच ओळखायच्या.

आज उलटं झालंय. चित्रकाराचा चेहरा, दाढी, त्याची वादग्रस्त विधानं, त्याच्या चित्राला मिळालेले कोटी रुपये हे सगळं ठाऊक असतं. त्याचं एखादं चित्र डोळ्यांसमोर आणा म्हटलं तर माणूस गडबडतो. एका आयुष्यात ही दोन्ही टोकं बघायला मिळाली, म्हणून हे लिहून ठेवावंसं वाटतं.

सुरुवात कॅलेंडरपासून. डिसेंबर लागला की घराघरांतून कॅलेंडरांची वसुली सुरू व्हायची. वाणी, कापडवाला, विम्याचा एजंट, डॉक्टरांचा कंपाउंडर, कुणालाही सोडायचं नाही. आलेल्या मालाची वाटणीही ठरलेली. लक्ष्मी आणि दत्त देवघराकडे, काश्मीरचं सरोवर बाहेरच्या खोलीत, आणि शकुंतला जरा जास्तच नटीसारखी निघाली असेल तर ती कपाटाच्या दाराला आतून. वर्ष सरलं की आई कात्री घेऊन बसायची. तारखांचं बाड चुलीकडे, दुकानाचं नाव-पत्ता केराच्या टोपलीत, आणि चित्र काचेखाली. कापताना एकच दक्षता, सहीला धक्का लागता कामा नये. जाहिरात छापायला ज्याने पैसे मोजले त्याचं नाव आम्ही कापून टाकत होतो आणि चितारणाऱ्याचं राखत होतो. कलेची याहून चोख कदर पुढे मोठमोठ्या गॅलऱ्यांतही फारशी दिसली नाही.

या कॅलेंडरांत एस. एम. पंडित असायचे. मूळचे गुलबर्ग्याचे, मुंबईत त्यांनी सिनेमाची पोस्टरं रंगवली, मेट्रो टॉकीजसाठी हॉलिवूडच्या चित्रपटांची शोकार्डं केली. त्यांच्या राधेच्या गालावर किंवा विश्वामित्राच्या खांद्यावर पडलेला उजेड गोकुळातला नव्हता, स्टुडिओतला होता. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच वाटे की देव असाच दिसत असणार.

देव कसा दिसतो हे ज्यांनी ठरवलं त्या राजा रविवर्म्याची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याने १८९४ मध्ये मुंबईत लिथोचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, मग जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्या हाती गेला. रविवर्मा १९०६ मध्ये वारला तरी छापखान्यातून चित्रं निघतच राहिली. त्यामुळे आमच्या आजीच्या लेखी जुनं, किंचित पिवळं पडलेलं कुठलंही देवाचं चित्र ‘रविवर्म्याचं’ असायचं. रविवर्मा हा माणूस नव्हताच, एक जात होती, जसा आंबा हापूस तसं चित्र रविवर्मा. मग १९८४ मध्ये रणजित देसाईंची ‘राजा रविवर्मा’ ही कादंबरी आली आणि त्या जातीला एकाएकी देह फुटला. राजस, देखणा, प्रेमात पडणारा, विरहात जळणारा. वाचनालयात त्या पुस्तकासाठी नंबर लावावा लागे. कादंबरी ही कादंबरी असते, चरित्र नव्हे, हे भान आम्ही फारसं ठेवलं नाही. त्यातली त्याची मॉडेल सुगंधा आम्हाला उर्वशीच्या चित्रात दिसायला लागली. केतन मेहतांचा ‘रंग रसिया’ याच कादंबरीवरून निघाला आणि पुष्कळ रखडून २०१४ मध्ये पडद्यावर लागला, तोपर्यंत रविवर्मा म्हणजे रणदीप हुडा अशी नव्या पिढीची समजूत व्हायची सोय झाली होती. छापखान्याचं कर्ज, रंगांचे दगड, वितरण, उधारी या गोष्टींत खरं तर केवढं नाट्य आहे! पण खोलीत चित्रकार आणि त्याची मॉडेल एकटी असताना कोण दगड मोजत बसणार?

दिवाळी अंकांचं प्रकरण याहून जिव्हाळ्याचं. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढला. रघुवीर मुळगावकरांचे ‘रत्नदीप’, ‘रत्नप्रभा’ होते. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर शि. द. फडणीसांचं शब्दाविना हसवणारं चित्र असायचं, आणि ‘आवाज’मधली खिडकीची चित्रं मोठी माणसं आम्हाला दाखवायची नाहीत, म्हणून आम्ही ती सर्वांत आधी बघायचो. अंक घरात आला की वाचायचा क्रम ठरलेला. वडील अग्रलेखासारखं काही असेल ते बघत, आई पाककृती आणि कथा, आणि आम्ही पोरं पालथे पडून फक्त चित्रं. दलाल श्रेष्ठ की मुळगावकर यावर जेवताना वाद होत, अगदी लता श्रेष्ठ की आशा यावर होत तितक्याच तावातावाने. दलालांच्या बाईत ठेवण होती, रेषेचा तोल होता. मुळगावकरांची बाई मऊ, तुकतुकीत, जणू आत दिवा लावलाय अशी. स्प्रेने रंग फवारून ते तो मऊपणा आणत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवरही त्यांचाच हात. सकाळी मुळगावकरांच्या चित्रातल्या देवाला नमस्कार करून दुपारी लपूनछपून अर्नाळकरांचा काळा पहाड वाचणाऱ्या मुलाला दोन्हीकडे एकच चित्रकार भेटत होता. त्याच्या ते ध्यानातही येत नव्हतं.

आमची एक मावशी या अंकांतल्या चित्रांवर पट्टीने चौकटी पाडायची आणि अंगणात त्याच चौकटी मोठ्या करून दिवाळीत रांगोळी काढायची. चेहऱ्याला अख्खी रात्र लागे. खाली, उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या रांगोळीने ती ‘मुळगावकर’ असंच लिहायची. स्वतःचं नाव लिहायचं तिला सुचलंही नाही, आणि आम्हाला सुचवायचंही सुचलं नाही.

पण हा जो सही करणारा होता तो माणूस कसा असेल, हे आम्हाला कुणी सांगितलं? त्याच अंकांतल्या कथांनी. त्यांतला चित्रकार नायक केस वाढवलेला असे, सिगारेट ओढणारा, भाडं थकवणारा. तो तळमजल्यावरच्या नाहीतर गच्चीवरच्या खोलीत राही, एखाद्या श्रीमंत मुलीचं पोर्ट्रेट काढता काढता तिच्यात गुंते आणि चित्र पूर्ण झालं की क्षयाने किंवा वेडाने संपे. या कथेच्या माथ्यावर चित्र कुणाचं? दलालांचं. म्हणजे हा स्वप्नाळू, बेशिस्त, वेळेची शुद्ध नसलेला चित्रकार जो माणूस रंगवत होता तो स्वतः स्टुडिओ चालवत होता, अंक काढत होता, ब्लॉकमेकरच्या तारखा सांभाळत होता, शेकडो पुस्तकांची मुखपृष्ठं करत होता. दिवाळी अंकाचं काम उशिरा देऊन चालत नाही. दिवाळी थांबत नाही. वसंत सरवटे तर सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते. नोकरी सांभाळून त्यांनी मराठी साहित्यातल्या माणसांच्या रेषा पकडल्या, ‘ललित’मधला ठणठणपाळ हातोडा घेऊन उभा केला. ही माणसं दहा ते पाचच्या जगातली होती. एम. व्ही. धुरंधरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असं नाव दिलं, एखाद्या मुख्याध्यापकाने निवृत्तीला द्यावं तसं. जे. जे. स्कूलमधली ही एकेचाळीस वर्षं कुणी पडद्यावर आणली असती तर नायक रोज वेळेवर कामावर निघालेला दिसला असता. म्हणूनच कुणी आणली नसावीत.

१९७१ च्या जानेवारीत दलाल गेले. वय जेमतेम ५४. आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी त्यांचा चेहरा नीट पाहिला तो बातमीतल्या फोटोत. साधा, सुसंस्कृत, कुठल्याही कचेरीत शोभेल असा गृहस्थ. आमच्या एका काकूंना तर वाईट वाटल्यावर पाठोपाठ थोडी निराशाही झाली होती. त्यांच्या मनात केस वाढवलेला कोणीतरी होता.

दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ आलं. भिंतीवरच्या चित्राची जागा हळूहळू तारखांच्या चौकटींनी घेतली. चतुर्थी कधी, दूध किती घेतलं, गॅस कधी लावला, सगळं त्यावर लिहिता येई, मागे लेख आणि पदार्थ. सोयीचं होतंच. चित्राची कॅलेंडरं येत राहिली, पण ती मागच्या खिळ्यावर गेली. १९७६ मध्ये मुळगावकरही गेले.

शाळेत जो चित्रकार भेटला त्याला आम्ही चित्रकार समजतच नव्हतो. तो ड्रॉइंग मास्तर. आठवड्याचे दोन तास, त्यातला एक गणिताचे सर मागून घ्यायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी हाच माणूस शाळा सुटल्यावर आमच्याकडून मडकं आणि केळ्यांचा घड काढून घ्यायचा, फुकट. त्याच्या कपाटात स्वतःची जलरंगातली निसर्गचित्रं गुंडाळून ठेवलेली असत. ती कधी उघडली जात नसत. मुलगा चित्रकला घेऊ म्हणाला की घरात दोनच प्रश्न. खाणार काय, हा पहिला. दुसरा कुणी उघड विचारत नसे, पण कथा-कादंबऱ्यांनी मनात पेरलेला होता: वाया तर नाही ना जाणार? त्यावर ‘कमर्शिअल करेल’ हे उत्तर चाले. जाहिरात कंपनीत नोकरी, पगार, म्हणजे चित्रकार असूनही माणसात.

गंमत अशी की ज्या गणिताने चित्रकलेचा तास खाल्ला त्याच गणिताच्या पुस्तकात फडणीस बसलेले होते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतली ती चित्रं आठवून बघा. अपूर्णांक आला नाही तरी चित्रातला लाडू वाटणारा माणूस आठवतो. घरोघर रंगाच्या डब्यावर हातात ब्रश आणि डबा घेतलेला, कपाळावर केसांची बट आलेला गट्टू असायचा. तोही रंगारीच, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला. चांदोबातल्या विक्रम-वेताळाच्या शंकर यांनी आम्हाला झाडावरच्या प्रेताची इतकी सवय लावली की स्मशानाची भीतीच गेली. अमर चित्र कथांचे राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक यांनी राम, कृष्ण, शिवाजी कसे चालतात, कसे रागावतात ते ठरवून टाकलं. आणि शिवाजी महाराजांचं जे चित्र कचेऱ्यांत, शाळांत, ग्रामपंचायतींत अधिकृत म्हणून लागलं ते कोल्हापूरच्या जी. कांबळ्यांचं. सिनेमाची पोस्टरं आणि बॅनर रंगवण्यात हात घडलेला माणूस. महाराष्ट्रात त्यांच्या चित्राइतकं पाहिलं गेलेलं दुसरं चित्र दाखवणं कठीण. ते २००२ मध्ये वारले, आणि रस्त्यातून चालले असते तर त्या चित्राखालून जाणाऱ्या मिरवणुकीतल्या एकानेही त्यांना ओळखलं नसतं.

लक्ष्मण यांचं थोडं निराळं. त्यांचा कॉमन मॅन इतका रोजच्या चहाबरोबरचा झाला होता की आमच्यातल्या बऱ्याच जणांना तोच लक्ष्मण वाटे. चौकटीचा कोट, धोतर, टकलाभोवती केसांची झालर. पुढे दूरदर्शनवर खरे लक्ष्मण दिसले, काळ्या फ्रेमचा चष्मा, भरपूर केस, टोकदार बोलणं, तेव्हा घरात कुणीतरी म्हणालंच, ‘हे तोतया वाटतात.’ बाळासाहेब ठाकरे यांच्या बाबतीत तर चेहऱ्याने रेषा पूर्ण झाकली. ‘मार्मिक’ १९६० मध्ये निघालं तेव्हा ते व्यंगचित्रकार म्हणून घरात आले होते, ‘रविवारची जत्रा’ आधी कुणी पाहायची यावरून ओढाताण होई. दहा-पंधरा वर्षांत त्यांचा ब्रश किती सफाईचा होता हे नव्याने सांगावं लागू लागलं.

परदेशी चित्रकारांत आमच्याकडे एकच माणूस होता, व्हॅन गॉग, आणि त्याचा एकच अवयव, कान. आयर्विंग स्टोनची ‘लस्ट फॉर लाइफ’ ही कादंबरी, तिच्यावरचा १९५६ चा कर्क डग्लसचा चित्रपट, आणि पुढे माधुरी पुरंदरेंनी मराठीत आणलेलं ते पुस्तक. हे वाचून कितीतरी मध्यमवर्गीय मराठी तरुणांनी काही महिने दाढी वाढवली. त्याची चित्रं आम्ही पाहिली ती काळ्यापांढऱ्या छपाईत. सूर्यफुलं करड्या रंगाची! पिवळ्या रंगासाठी वेडा झालेला माणूस आम्ही पिवळा रंग न बघताच आराध्य केला. माधुरीताईंचंच ‘पिकासो’ही आलं आणि वाचणाऱ्यांनी वाचलं, पण कानाची सर पिकासोला आली नाही. वडीलधाऱ्यांना व्हॅन गॉगची गोष्ट फारच सोयीची होती: बघा, जिवंतपणी उपाशी, मेल्यावर नाव.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांतून कलावंत बोलताना दिसू लागले. त्यातले बहुतेक संथ बोलत, मधेच थांबत, खाली बघत, आणि घरात कुणीतरी उठून चहा टाकायला जाई. अशा वेळी पडद्याला आणि वर्तमानपत्राला हवा तसा चित्रकार अखेर मिळाला. मकबूल फिदा हुसेन. पांढरी दाढी, काठीएवढा लांब ब्रश, अनवाणी पाय. हिंदी कवी मुक्तिबोधांच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये, त्यांनी चपला सोडल्या असं ते सांगत. पण किती जणांना मुक्तिबोध ठाऊक होते? पाय ठाऊक होते. मुंबईतल्या एका बड्या क्लबाने त्या पायांना दारातून परत पाठवलं तेव्हा बातमी पायांचीच झाली. आमच्या घरी मात्र हुसेन यांच्याबद्दल एक वेगळाच अभिमान होता, की जन्म पंढरपूरचा! आजी म्हणायची, ‘पंढरीला अनवाणीच चालायचं असतं.’

सिनेमाचे फलक रंगवून वर आलेल्या या माणसाला लोकांच्या नजरेत राहायचं कसब उमगलेलं होतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. फलक रंगवणाऱ्याला ठाऊक असतं की बसमधून जाणारा माणूस किती सेकंद बघतो. १९६७ मध्ये त्यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या लघुपटाला बर्लिनला गोल्डन बेअर मिळालं, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. १९९२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत ‘श्वेतांबरी’ नावाने त्यांनी पांढरं कापड सोडलं आणि फाडलेली वर्तमानपत्रं पसरली, ते मात्र सगळ्यांना कळलं. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दादरहून मुद्दाम गेले, कागदाच्या बोळ्यांतून चालून आले आणि म्हणाले, ‘रद्दीवाल्याकडे रोज बघतो.’ मला वाटतं वर्तमानपत्रांवर ती थट्टा होती, आणि वर्तमानपत्रांनीच ती सर्वांत आनंदाने छापली. मग १९९४ चा माधुरी दीक्षितचा ‘हम आपके हैं कौन’, तो त्यांनी ६७ वेळा पाहिला असं छापून येई, आणि २००० मध्ये तिलाच घेऊन त्यांनी काढलेला ‘गजगामिनी’. घरातल्या बायकांच्या तोंडी ‘माधुरीचा हुसेन’ असा उल्लेख रुळला. घोडे काढणारा म्हातारा होता तो आता माधुरीवर लट्टू झालेला म्हातारा झाला.

आणि त्याच दशकात दुसरी बाजू. १९७० च्या दशकातलं सरस्वतीचं एक रेखाचित्र १९९६ मध्ये भोपाळच्या एका मासिकाने छापलं आणि वणवा पेटला. खटले, मोडतोड, २००६ मध्ये देश सोडणं, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व, २०११ च्या जूनमध्ये लंडनला मृत्यू. आमच्या घरांत यावर भांडणं झाली, भाऊ भावाशी आठवडाभर बोलला नाही असं झालं. तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंत एक साम्य होतं. कुणीही हुसेन यांचं एकही मूळ चित्र समोर उभं राहून पाहिलेलं नव्हतं. आयुष्यभर कॅलेंडरचं चित्र हाताच्या अंतरावर ठेवून जगलेली माणसं न पाहिलेल्या चित्रावरून एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली.

नंतर आला भाव. २००५ मध्ये तय्यब मेहतांचं ‘महिषासुर’ न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेलं आणि चित्रकला अर्थविषयक पानावर पोचली. आमच्या पिढीतल्या अनेकांना तेव्हा वाटलं की तय्यबजी आता मोठ्या बंगल्यात जाणार. लिलावातली रक्कम ज्याच्याकडे चित्र असतं त्याला मिळते, ज्याने काढलं त्याला नाही, हे कुणी नीट समजावून छापलं नाही. पूर्वी ‘खाणार काय’ विचारणाऱ्यांची मुलं आता नातवाला म्हणू लागली, ‘चित्रं काढ, करोडो मिळतात.’ दोन्ही वाक्यं सारखीच चुकीची.

वासुदेव गायतोंडे यांचं नाव आमच्या घरांत आलं ते याच वाटेने. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचं चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. माणूस २००१ मध्येच गेलेला. गोव्याचं घराणं, जन्म नागपूरचा, गिरगावच्या चाळीत वाढलेला, पुढे दिल्लीत एकटा राहणारा, मुलाखतींना कंटाळणारा, गर्दी टाळणारा. दलालही मूळ गोव्याचे, मुळगावकरही. एकाच मातीतले, जवळपास एकाच वयाचे. दोघांची चित्रं प्रत्येक घरात, तिसऱ्याचं एकाही घरात नाही, आणि तिसऱ्याला ना आम्हाला ओळखीची सही होती, ना चेहरा. मग वर्तमानपत्रांनी आकडाच चेहरा म्हणून वापरला. सतीश नाईकांच्या ‘चिन्ह’ या कलाविषयक अंकाने त्यांच्यावर जे चिकाटीने काम केलं ते वाचणारे वाचत होतेच, पण तो वर्ग लहान. बाकीच्यांसाठी गायतोंडे म्हणजे २३ कोटी. २०२५ च्या मार्चमध्ये हुसेन यांची ‘ग्रामयात्रा’ सुमारे ११८ कोटींना गेली तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर आकडा सकाळी सातला आला, चित्र कुणी टाकलंच नाही.

सिनेमाने या काळात चित्रकाराला किती प्रकारे फिरवून आणलं! ‘दिल चाहता है’मधला सिड, हळवा, गप्प. ‘तारे जमीन पर’मधला निकुंभ सर, ज्याने ड्रॉइंग मास्तराची थोडी तरी भरपाई केली. त्याच चित्रपटात शेवटच्या स्पर्धेला ललिता लाजमी स्वतः परीक्षक म्हणून दिसतात. अनेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली, उत्तम मुद्राचित्रं केलेली ही बाई. त्यांच्याबद्दल जे जे छापून आलं त्यात पहिल्या ओळीत ‘गुरुदत्त यांची भगिनी’ असायचंच, २०२३ मधल्या मृत्यूच्या बातमीतसुद्धा. बाईच्या हाती ब्रश दिसला की शेजारी एक पुरुष उभा करायचा ही आपल्या माध्यमांची जुनी खोड. आमच्या दिवाळी अंकांत बाया शेकड्याने होत्या, सगळ्या चित्राच्या आत. रवी जाधवांच्या ‘न्यूड’ने २०१८ मध्ये आतली बाई बाहेर आणून दाखवली, जे. जे.मध्ये मॉडेल म्हणून बसणारी, पोटासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी. गोव्याच्या महोत्सवातून तो वगळला गेला त्याचीच चर्चा अधिक झाली.

पण खरं सांगायचं तर आमच्या मुला-पुतण्यांच्या पिढीला मुखोद्गत असलेलं एकमेव भारतीय चित्र ‘वेलकम’मधल्या मजनूभाईचं आहे. घोड्यावर चढलेलं गाढव. ते कुठे दिसत नाही? टी-शर्टवर, मगवर, नोकरीच्या पहिल्या दिवशीच्या विनोदात. गुंडाला चित्रकार व्हायचंय आणि त्याच्या भीतीने सगळे वाहवा करतात, आधुनिक चित्रकलेबद्दल आमच्या घरांत गेली ५० वर्षं जे कुजबुजलं जात होतं त्याचा हा जाहीर उच्चार. मला तो दृश्यविनोद फार आवडतो, आणि त्यामुळे झालेलं नुकसानही दिसतं. आता कुठल्याही प्रदर्शनात न कळणाऱ्या चित्रापुढे कुणीतरी मजनूभाईचं नाव घेतं आणि बघणं तिथेच संपतं.

आमच्या भाचीची मैत्रीण फोनवर चित्रं काढतानाचे व्हिडिओ टाकते. कंपनीतून आली की रात्री बसते, वरून कॅमेरा लावते, हात दिसतो, रंग दिसतो, मधूनच तीही हसताना दिसते. तिला बघणारे पुष्कळ आहेत आणि आठवड्याला इतकं काम गेलंच पाहिजे हा तिचाही धाक दिवाळी अंकवाल्यांसारखाच. परवा रांगोळीवाल्या मावशीला तो व्हिडिओ दाखवला. मावशी आता ८० च्या पुढे. तिने दोनदा बघितला, फोन डोळ्यांजवळ नेऊन.

‘इतक्या भराभर काढते?’

‘नाही गं मावशी, चार तास लागले. वेग वाढवलाय.’

‘मग तसाच दाखव ना, चार तासांचा.’

‘तो कोण बघणार?’

‘मी बघीन,’ मावशी म्हणाली, आणि उशी पाठीशी सारखी करून बसली.